नमुना नाही, तर गोळी नाही

१

बरी झालेली चार माणसं पुन्हा आजारी पडली होती, आणि ही बातमी त्या चौघांनाच सगळ्यांत शेवटी कळणार होती.

चौघांची वजनं वाढली होती. ताप गेला होता, झोपेतला घाम गेला होता. त्यांच्यातला एक शिंपी होता. तो जिना चढताना शीळ घालायचा, आणि क्षयरोगाच्या इस्पितळात जिन्यावर शीळ ऐकू येणं म्हणजे काय, ते तिथे नोकरी केलेल्यालाच कळतं. तरीसुद्धा गेल्या काही आठवड्यांत या चौघांच्या बेडक्यात क्षयाचे जंतू निघाले होते. जिवंत, टुणटुणीत, आणि जुन्या कुठल्याच औषधाला न जुमानणारे.

"औषध मेलं," सर म्हणाले. "आणि मला विचाराल तर कुणीतरी ते मारलंय."

सर म्हणजे या नव्या गोळीच्या ट्रायलचे प्रमुख डॉक्टर. समोर चहावर साय धरली होती आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. ज्यांना जुनी औषधं लागूच पडत नाहीत अशा रुग्णांसाठी ही गोळी होती. तिच्यासाठी त्यांनी केस पांढरे केले होते, आणि उरलेले घालवले होते.

टेबलापलीकडे तपासनीस बसली होती. ट्रायलवर देखरेख ठेवणाऱ्या समितीने तिला पाठवलं होतं. कुठे खुट्ट झालं की ही बाई पिशवी घेऊन हजर. मागून सगळे तिला चाळणी म्हणत. तिला ते ठाऊक होतं. तिची तक्रार एवढीच, की चाळणीलासुद्धा काम झालं की कुणी खिळ्याला टांगून ठेवतं.

"समिती उद्या दुपारी बसणार," ती म्हणाली. "हे चार निकाल खरे ठरले, तर ट्रायल बंद."

"आणि गोळ्या परत. या चौघांचा कोर्स अर्धाच झालाय. अर्ध्यावर थांबवलं की रोग खरोखरच उलटेल, मग त्याला कुणाचा बापही आवरणार नाही." सरांनी खिडकीकडे हात केला. "शिवाय पलीकडच्या वॉर्डात दुसरी तुकडी बसलीय. त्यांची हृदयं नाजूक. पहिली तुकडी पार पडली तरच त्यांना गोळी द्यायची, असं तुमच्याच समितीने ठरवलंय. ते रोज विचारतात."

"घात झाला असं कशावरून म्हणता?"

सर पुढे झुकले. "जंतूंची कुळं असतात, ती आम्ही तपासून घेतो. दाखल झाले तेव्हा या चौघांचे जंतू चार वेगवेगळ्या कुळांचे होते. आता चौघांच्या बेडक्याच्या डबीत एकच कूळ निघतंय."

"चौघांपैकी कुणाचं?"

"तेच तर," सर म्हणाले. "कुणाचंच नाही."

२

प्रयोगशाळेत शिरायला दोन दारं, आणि एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. मधल्या चिंचोळ्या जागेत उभी असताना तपासनिसाचा फोन वाजला. ताई होती, तिची थोरली बहीण.

"कुठे आहेस?"

"दोन दारांच्या मध्ये."

"जन्मभर तिथेच आहेस तू," ताई म्हणाली. "ये एकदा. माझे गुडघे आता तुझी वाट बघून थकलेत."

"येते गं," असं म्हणून तिने फोन बंद केला. हे ती किती वेळा म्हणाली होती, ते ताईने मोजायचं सोडलं होतं.

आत लॅबवाली काचेमागे हात घालून बसली होती. सतत धुऊन धुऊन तिच्या हातांना सुकल्या मातीसारख्या भेगा पडल्या होत्या.

"या. तुम्ही येणार हे मला कळलंच होतं," ती मान न वळवता म्हणाली. "घरात दूध उतू गेलं की सून, आणि ट्रायलमध्ये काही बिघडलं की लॅब."

"एका नळीतलं दुसरीत मिसळलं असेल का?"

"माझ्याकडून चुका होत नाहीत."

"प्रत्येक चूक पहिल्यांदाच होते हो."

त्यावर लॅबवाली हसली, पण लगेच गंभीर झाली. "ऐका. डबी उघडल्या उघडल्या मी पहिलं काय करते, तर काचपट्टी. थेंबभर बेडका काचेवर, रंग चढवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. बाकीचं सगळं नंतर. आणि या चौघांच्या काचपट्टीवरच जंतूंची जत्रा होती. म्हणजे ते डबीतूनच आले. माझ्या टेबलावर मिसळले नाहीत."

"काचपट्टीच बदलली असेल."

"चौघांचे नमुने वेगवेगळ्या दिवशी आले. मध्ये दुसऱ्या इस्पितळांचे नमुने होते, ते सगळे स्वच्छ. माझा हात वाईट असता, तर तो नेमके हेच चार कसे निवडेल? मला तर नावंही कळत नाहीत. डबीवर नुसता आकडा. डबीतला रंगसुद्धा लिहायचा नाही असा नियम आहे, रंगावरून रुग्ण ओळखू येईल म्हणून."

"पण तुम्हाला दिसतो तर खरा."

"दिसतो ना. खरं सांगू? या चौघांच्या डब्या आल्या तेव्हा मला आनंदच झाला होता. आधी याच आकड्यांच्या डब्यांमध्ये नुसती लाळ यायची, मी परत पाठवायचे. आणि एकाएकी असा नमुना! घट्ट, पिवळाधमक. पुस्तकात छापावा असा."

तपासनिसाने मान हलवली. माणसाला कशाकशाचा आनंद होऊ शकतो याचं तिला आता नवल वाटत नसे.

"आणखी एक," लॅबवाली म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "सरांना कालच सांगितलं, पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नाहीत. हे जंतू मी नव्या गोळीच्या नळीत टाकून पाहिले. गोळी पोटात असताना जे जंतू जगले, ते नळीतही जगायला हवेत. बरोबर?"

"बरोबर."

"सगळे मेले," लॅबवाली म्हणाली.

३

वॉर्डातल्या सिस्टरला कुणी बसलेलं पाहिलं नव्हतं. पाय सुजलेले, चपला दोन माप मोठ्या, आणि तरी ती बोलतानाही उशांचे अभ्रे बदलत होती. अभ्र्यांवर तांबूस डाग होते.

"रक्त?" तपासनिसाने विचारलं.

"छे हो. लाली." सिस्टरने अभ्रा बादलीत टाकला. "आम्ही गोळीला लालीच म्हणतो. अंगातलं पाणी न् पाणी रंगवते. घाम, लघवी, लाळ, सगळं तांबूस. परवा ती कॉलेजातली मुलगी रडली, तर गालावर ओघळ उमटले. मी म्हटलं, बाई, रडायचं असेल तर आधी उशी बाजूला ठेव. धुणं मला करावं लागतं."

"नमुने कसे घेता?"

"सकाळी उठल्या उठल्या. मी डबी देते, ते अंगणाच्या टोकाला खोकल्याच्या खोलीत जातात, डबी भरून आणतात. झाकण ते तिथेच लावतात, मला दिसते ती नुसती पांढरी डबी. वर माझ्या डोळ्यांदेखत चिकटपट्टी, तिच्यावर माझी सही. मग पेटीत. पेटीला कुलूप. एक किल्ली माझ्याकडे, एक लॅबमध्ये. गाडीवाल्याला तर पेटी उघडते कुठून हेही माहीत नाही. सर त्याच्यावरही ओरडले बिचाऱ्यावर."

"पट्टी कधी फाटलेली मिळाली?"

"लॅबवालीला विचारा. पट्टी जरा तिरकी असली तरी फोन करते ती मला, जशी काही मी तिच्या लग्नाचं पाकीट उघडलंय."

"खोकल्याच्या खोलीत तुम्ही बरोबर जाता?"

सिस्टर पहिल्यांदाच थांबली. "कुणीच जात नाही. जायचंच नसतं. खोकताना जंतू उडतात. म्हणून तर ती खोली उघड्यावर बांधलीय. एकेकाने जायचं, बाकीच्यांनी लांब राहायचं. मी तर पाठ करून उभी राहते. माणसाला लाज वाटते हो, कुणी बघत असलं की."

"आणि एखाद्याला नमुना देता आलाच नाही तर?"

सिस्टरने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे मोठ्या अक्षरांत सरांचा नियम लावला होता: नमुना नाही, तर गोळी नाही. खाली बारीक अक्षरांत, लागोपाठ चुकवलं तर ट्रायलमधून नाव कमी.

"वाफ देऊन बेडका सुटा करायचं यंत्र आहे आमच्याकडे," सिस्टर म्हणाली, "पण त्याची गाळणी खराब झालीय. नवी येणार येणार म्हणून ऐकतेय. आता तुम्ही आलाच आहात, तर तुमचीच लावू का?"

म्हणजे मागून ठेवलेलं नाव इथपर्यंत पोचलं होतं. तपासनीस हसली, पण मनातल्या मनात ती साखळीची कडी अन् कडी चाचपत होती. लॅबमध्ये नाही. गाडीत नाही. पेटीत नाही. सिस्टरच्या हातात आल्यावर नाही.

"सिस्टर, या सगळ्या वाटेवर अशी एकच जागा आहे, जिथे डबीकडे कुणीही बघत नसतं."

सिस्टरच्या हातातला अभ्रा तसाच राहिला. "म्हणजे तुम्हाला म्हणायचंय, पेशंटनेच..."

"स्वतःचं औषध बंद पडावं म्हणून?" तपासनीस म्हणाली. "तेच मला कळत नाहीये."

४

शिंपी खाटेवर मांडी घालून सिस्टरच्या एप्रनचं बटण लावत होता. तपासनिसाला पाहताच त्याने सुई गादीत खोचली. बातमी एव्हाना त्याच्यापर्यंत गेली होती.

"नमुना माझाच आहे, मॅडम. शपथेवर सांगतो."

"मी कुठे म्हटलं नाही म्हणून?"

"तुम्ही म्हणाला नाहीत, पण आलात." तो कसनुसा हसला. "इथे बरं वाटतंय का विचारायला कुणी पिशवी घेऊन येत नाही."

"बरं वाटतंय?"

"फार." एवढा एकच शब्द त्याने असा उच्चारला, की तिला पुढचा प्रश्न विचारायला जरा वेळ लागला.

"मग आत्ता एक नमुना द्या मला."

"आत्ता? सकाळीच सुटतो तो."

"प्रयत्न करून बघा. मी पाठ करते."

मागून आवाज आला. भाषणाला उभं राहिलेला पाहुणा खाकरतो, तसा. पुन्हा एकदा. मग बराच वेळ कोरडं ओढून काढलेलं खोकणं, ज्यात खोकल्यापेक्षा इच्छाच जास्त होती. ती वळली तेव्हा त्याचा चेहरा घामाने डबडबला होता आणि डबी रिकामी होती. त्याने रुमालाने डोळे टिपले. पांढऱ्या रुमालावर तांबूस ठिपके उमटले.

"मला काढू नका, मॅडम," तो हळूच म्हणाला. "माझी बायको या रोगाने गेली. तेव्हा ही गोळी नव्हती. मुलगी आजीकडे आहे. तिला सांगितलंय की बाबा बरा होऊनच येईल."

"कुणी मदत केली तुम्हाला?"

शिंप्याने सुई उचलली आणि बटणाकडे बघत राहिला. "नमुना माझाच आहे."

मग तिने त्याला छळलं नाही. ती अंगणात आली, टोकापर्यंत चालत गेली. खोकल्याच्या खोलीला तीन भिंती आणि अर्धंच छप्पर. वारा खेळता राहावा म्हणून मागच्या भिंतीत झरोका ठेवला होता. सकाळपासून तिथे कुणी आलं नव्हतं. वाऱ्याने सगळं धुऊन नेलं असणार. तिने पिशवीतून नवी डबी काढली, मास्क हनुवटीवर ओढला आणि खोकली.

काही आलं नाही. तिने खोल श्वास घेतला, पोट आवळलं, पुन्हा खोकली. घसा खरवडला, डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, आपल्याकडे कुणी पाहिलं तर म्हणेल, बाईला कामाचा ताण झाला. तिसऱ्या खेपेला डबीत पडली ती चमचाभर पातळ लाळ.

ती डबीकडे बघत उभी राहिली. निरोगी छाती. तिच्यातून काय निघणार?

मग ते तिच्या लक्षात आलं. शिंप्याच्या छातीतूनही आता काहीच निघत नव्हतं.

त्याच क्षणी भिंतीपलीकडे कुणीतरी खोकलं. खोल, ओला, मुळापासून उपसलेला खोकला. तो थांबला. आणि झरोक्यातून एक हाडकुळा, बांगड्या कोपरापर्यंत घसरलेला हात आत आला, पंजा उघडा.

"कोण गं? नवी दिसतेस," पलीकडून आवाज आला. "उगाच घसा फोडू नकोस. डबी दे इकडे."

५

मास्क नीट चढवून, अंगणाला वळसा घालून तपासनीस पलीकडे पोचली. पलीकडच्या वॉर्डाच्या व्हरांड्यात झरोक्याला लागून एक खाट होती. खाटेवर एक म्हातारी उशांच्या ढिगाला टेकून बसली होती. सगळं इस्पितळ तिला मावशी म्हणायचं. इथल्या पंख्यांपेक्षाही ती जुनी होती.

"अगं बाई, तू पेशंट नाहीस होय," मावशी म्हणाली. "मग खोकत का होतीस?"

"बघत होते, येतं का."

"येतं का म्हणे! नशीबवान आहेस. मला विचार, थांबवायचं कसं ते."

तपासनीस वाऱ्याची दिशा बघून जरा लांब बसली. "मावशी, किती जणांना दिलंत?"

"चौघांना. वारंवार नाही हो, अडलं तेव्हा. तो शिंपी पहिला. भिंतीपलीकडे बसून रडत होता. मी म्हटलं, काय झालं रे? तर म्हणे, मावशी, बेडका येत नाही, लॅबने दोनदा परत पाठवलं, आता काढतील मला. मी म्हटलं, अरे मेल्या, त्यासाठी रडतोस? माझ्याकडे रग्गड आहे." ती हसली आणि हसण्याचा खोकला झाला. तो ओसरायला वेळ लागला. "शेजारीण विरजण मागायला येते, तसं दिलं. विरजणाचा कुणी हिशेब ठेवतं का?"

"त्यात तुमचा रोग होता, मावशी. तो माणूस बरा होत आलेला, आणि तुमचे जंतू नाकासमोर धरून अंगणभर चालत होता."

मावशीचा चेहरा पडला. "त्याला लागला का?"

"नाही. औषध पोटात आहे त्याच्या."

"मग झालं तर." तिने उशी सारखी केली. "मला कुठे अजून गोळी मिळतेय? माझा तो कागद काढला छातीचा, रेघोट्यांचा. डॉक्टर म्हणाले, मावशी, ही गोळी हृदयाचे ठोके बिघडवते, तुमचे आधीच बिघडलेत. आधी त्यांचं होऊ दे, मग तुमची तुकडी. मी म्हटलं, होऊ दे. म्हणून तर दिलं ना. ते लवकर पार पडले की माझा नंबर."

तपासनिसाने डोळे मिटले. वर्षानुवर्षं ती फसवणारी माणसं शोधत आली होती. आळशी, हावरी, घाबरट, सगळी. ही जात तिच्या यादीत नव्हती.

"मावशी," ती म्हणाली, "तुमच्या बेडक्यामुळे सगळ्यांना वाटलं, गोळी चालत नाही. उद्या ती बंद करणार आहेत. त्यांचीही. आणि तुमची तुकडी तर सुरूच होणार नाही."

मावशीने झरोक्याकडे पाहत विचारलं, "मी सांगितलं, तर त्या पोरांना काढतील?"

"नियमाने, हो. खोटा नमुना देणारा बाद."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर औषध बाद."

"शिकलेल्यांनी बरा पेच केलाय हो," मावशी म्हणाली. "आता तू काय करणार?"

६

दुसऱ्या दिवशी समिती बसण्याआधी सरांच्या खोलीत चार खुर्च्या मांडल्या. लॅबवाली दाराशी, सिस्टर उभीच, शिंपी खिडकीत, वारा त्याच्याकडून बाहेर जाईल असा. सरांनी खुर्चीवर बसल्या बसल्या विचारलं, "कोण आहे तो?"

"सांगते. पण आधी घात हा शब्द काढून टाका," तपासनीस म्हणाली. ती झोपली नव्हती, आणि तिचा आवाज त्यामुळे आणखीच सपाट झाला होता. "लॅबवाल्या बाईंनी मला दोन गोष्टी सांगितल्या. हे जंतू तुमच्या गोळीने मरतात. म्हणजे गोळीशी त्यांची कधी गाठच पडलेली नाही. ते गोळी न घेणाऱ्या माणसाचे आहेत."

"आणि दुसरी?"

"पिवळाधमक. सिस्टर, लाली घेणाऱ्याचा बेडका कसा असतो?"

सिस्टरच्या तोंडातून "अगं बाई" एवढंच निघालं. मग ती म्हणाली, "तांबूस. सगळंच तांबूस. पिवळा असूच शकत नाही."

लॅबवाली भिंतीला टेकली. "मी रोज बघत होते. रंग लिहायचा नाही म्हटल्यावर मी त्याचा विचारच करायचा सोडला."

"म्हणजे डबीत बेडका दुसऱ्याचा, गोळी न घेणाऱ्याचा. तो डबीत गेला कुठे? सिस्टरच्या हातात येण्याआधी, कुणी बघत नसतं तिथे. ठेवला कुणी? ज्याची डबी, त्याने." शिंप्याने मान खाली घातली. "आता राहिलं, का. सर, क्षयाचा माणूस बरा झाला की पहिलं काय थांबतं?"

उत्तर सरांना येत होतं, त्यांनी ते शेकडो विद्यार्थ्यांना शिकवलं होतं.

"बेडका," शेवटी ते म्हणाले.

"तुमची गोळी चालली, सर. इतकी चालली, की चौघांना डबीत टाकायला काही उरलं नाही. आणि भिंतीवर काय लिहिलंय? नमुना नाही, तर गोळी नाही. जो बरा होईल त्याची गोळी बंद. मग बरं झालेल्याने करायचं काय? आजारी माणसाकडून उसनं आणायचं."

पंखा फिरत होता. शिंपी खिडकीतून म्हणाला, "सर, मला वाटलं माझ्यातच काही खोट आहे. बाकीच्यांना येतं, मला येत नाही."

सरांनी तळव्यांनी चेहरा पुसला. "मागच्या ट्रायलमध्ये अर्धे नमुने आलेच नव्हते," ते तपासनिसाला म्हणाले. "तुमच्या समितीने तेवढ्यासाठी औषध नापास केलं. माणसं डोळ्यांसमोर बरी झाली होती. म्हणून या खेपेला मी ठरवलं, एकही डबी चुकता कामा नये."

"ते मी समितीला सांगणार आहे. तेही."

"आणि बेडका कुणाचा?"

"मावशींचा."

"ती रोज विचारते," सर म्हणाले. "दुसरी तुकडी कधी, म्हणून."

समोरचा पडदा उजळला. समितीचे चेहरे चौकोनाचौकोनांत येऊन बसले. तपासनिसाने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. अध्यक्षबाई वाकून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"निष्कर्ष पटतो. ते नमुने बाद करू. पण या चौघांनी नियम मोडलाय. त्यांना ठेवायचं कसं?"

तपासनिसाने तोंड उघडलं, पण सर उठून उभे राहिले होते.

"नियम माझा होता," ते म्हणाले. "मोडण्याशिवाय तो पाळता येत नव्हता. कुणाचं नाव कमी करायचंच असेल, तर प्रमुख म्हणून माझं करा. गोळ्या त्यांच्या चालू राहू द्या."

पडद्यावर कुणी कुणाकडे बघितलं ते कळायला मार्ग नव्हता. अध्यक्षबाईंनी चष्मा पुन्हा घातला.

"नाव कमी केलं तर ट्रायल कोण चालवणार? चौघांचे आकडे निकालात धरू नका, कोर्स पुरा करा. वाफेचं यंत्र आठवड्याच्या आत चालू झालं पाहिजे. आणि भिंतीवरचं ते काढा."

"आणखी एक," तपासनीस म्हणाली. शिफारस करणं तिचं काम नव्हतं; तिने आजवर कधी केलीही नव्हती. "दुसऱ्या तुकडीतल्या एका रुग्णाचे जंतू आपण चुकून चार वेळा तपासलेत. गोळी त्यांना मारते, हे आता सिद्ध आहे. वाट बघण्याएवढा वेळ तिच्याकडे नाही."

"हृदयाचं काय?"

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण थांबलो तर काय होईल, ते माहीत आहे."

७

काही आठवड्यांनी पुन्हा इस्पितळात जायला तिला निमित्त हवं होतं, आणि निमित्त म्हणजे यंत्राची नवी गाळणी नीट बसली का ते बघणं. शिंपी घरी गेला होता, आठवड्याच्या आठवड्याला गोळ्या न्यायला येत होता. भिंतीवर सरांच्या नियमाच्या जागी फिकट चौकोन उरला होता, आणि तिथे काय लावायचं यावर सिस्टर आणि लॅबवाली यांचं फोनवर भांडण चालू होतं.

मावशीला आतल्या खोलीत हलवलं होतं. छातीला तारा लावल्या होत्या, शेजारच्या पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत चालली होती. सर पलंगाशी खुर्ची टाकून ती रेघ बघत होते. त्यांनी मान वर केली, पण उठले नाहीत.

"कसं चाललंय?" तपासनिसाने विचारलं.

"काल दोनदा चुकली," सर म्हणाले. "मात्रा कमी केलीय. आज ठीक आहे. उद्याचं उद्या बघायचं."

"मी इथेच आहे म्हटलं," मावशी म्हणाली. "माझ्याबद्दल मलाही सांगत जा." तिचा आवाज अजून घोगरा होता, पण तिने ते वाक्य मधे न थांबता पुरं केलं, आणि हे खोलीतल्या सगळ्यांच्या ध्यानात आलं. मग ती तपासनिसाकडे वळली. डोळ्यांच्या कडा तांबूस झाल्या होत्या. "काय गं बाई, मला एक सांग. माझा खोकला कमी होतोय. कालपासून निम्माच येतो. उद्या थांबलाच, तर मी कुणाकडे मागू? भिंतीपलीकडे आता कुणी नाही."

तपासनिसाने पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची ओढली.

"रिकामी डबी द्यायची, मावशी," ती म्हणाली. "झाकण लावून, पट्टी चिकटवून, रिकामी. लॅबवाल्या बाई त्याच डबीची वाट बघतायत."